व्हर्सिटीची चार मॉड्यूल: क्वांट फायनान्सचा पाया घालायला कितपत उपयोगी?

झिरोधा या ब्रोकरची व्हर्सिटी ही मोफत शिकवणीची वेबसाइट म्हटलं की बहुतेकांना शेअर बाजाराची तोंडओळख आठवते: कँडलस्टिक, ताळेबंदाचं वाचन, म्युच्युअल फंड. त्या भागावर भरपूर बोलून झालं आहे. हे परीक्षण फक्त चार मॉड्यूलचं आहे. चौथं फ्युचर्सचं (पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने खरेदी-विक्री करण्याचे करार), पाचवं ऑप्शन्स थिअरीचं (तसा हक्क देणारे, पण बंधन नसलेले करार), नववं रिस्क मॅनेजमेंटचं आणि दहावं ट्रेडिंग सिस्टिम्सचं. तेही एका ठरावीक वाचकासाठी: ज्याला बारावीपर्यंतचं गणित येतं, लॉगॅरिदम आणि प्रमाण विचलन म्हणजे काय ते ठाऊक आहे, ज्याला टिप्स नकोत, तर किंमत कशी काढतात आणि जोखीम कशी मोजतात हे, म्हणजे गणितावर उभं असलेलं क्वांट फायनान्स, शिकायचं आहे.

अशा वाचकाला या चार मॉड्यूलवर पाया नक्की घालता येतो. मात्र नुसतं वाचून नाही. प्रत्येक आकडा स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये पुन्हा काढावा लागतो, आणि काही ठिकाणी मजकूर थांबतो तिथून पुढे स्वतःच जावं लागतं. ती ठिकाणं कोणती आणि तिथे काय करायचं, यावरच खाली जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी सोयीचं. वेबसाइटवर वाचायला पैसे नाहीत, खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत. अनेक प्रकरणांच्या शेवटी त्यात वापरलेली एक्सेल फाइल उतरवून घेता येते, आणि ही या साहित्याची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. लेखन कार्तिक रंगप्पा यांचं. इंग्रजी इतकं सोपं आहे की मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यालाही अडखळायला होत नाही. हे एका ब्रोकरने तयार केलेलं साहित्य आहे, हे लक्षात ठेवावं. पण या चार मॉड्यूलमध्ये सौदे करा असा आग्रह कुठे जाणवत नाही.

फ्युचर्सच्या मॉड्यूलमध्ये आपल्या कामाचं प्रकरण मुख्यतः एकच, किमतीच्या सूत्राचं. स्पॉट भावावर, म्हणजे आजच्या बाजारभावावर, करार संपेपर्यंत उरलेल्या दिवसांचं व्याज मिळवायचं आणि मधल्या काळातला लाभांश वजा करायचा. निफ्टी २५,०००, व्याज ६ टक्के आणि ३० दिवस बाकी असतील, तर व्याजाचे १२३ अंक येतात. सूत्र सरळव्याजाचं आहे. सतत चक्रवाढ धरली तर १२३.६ अंक येतात, म्हणजे महिन्याच्या करारात फरक नगण्य. मजकुरातल्या उदाहरणात व्याजदर ८ टक्क्यांच्या वर आहे, तो त्या काळचा. रिझर्व्ह बँक दर आठवड्याला ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा लिलाव करते, त्यातला ताजा दर घ्यावा. नवखे चुकतात ते लाभांशात. लाभांशाच्या हंगामात एखाद्या शेअरचा फ्युचर स्पॉटच्या खाली दिसला की ‘बाजार मंदीत आहे’ असा अर्थ काढला जातो. आधी त्या एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे करार संपण्याच्या दिवसापर्यंत, किती लाभांश जाहीर झाला आहे ते पाहा. बहुतेक वेळा हिशेब तिथेच जुळतो.

ऑप्शन्सचं मॉड्यूल हे या चौघांमधलं सर्वांत मोठं आणि सर्वांत चांगलं. ग्रीक्स म्हणजे ऑप्शनची किंमत कशाने किती बदलते याची मापं. त्यांतल्या डेल्टाला (भावाचा परिणाम) तीन प्रकरणं, गॅमाला (डेल्टातला बदल) दोन, मग थीटा (वेळेचा परिणाम), मग व्होलॅटिलिटीवर, म्हणजे भावाच्या चढउताराच्या मापावर, सलग अनेक प्रकरणं आणि शेवटी वेगा (व्होलॅटिलिटीचा परिणाम). हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. व्होलॅटिलिटीची ओळख दोन फलंदाजांच्या धावांवरून करून दिली आहे. दोघांची कामगिरी सारखीच, पण एक जण सातत्याने खेळणारा आणि दुसरा कधी भरपूर धावा काढणारा तर कधी लवकर बाद होणारा. संघात कोणाला घ्याल, या प्रश्नातून प्रमाण विचलन आपोआप समजतं. पुढे गाल्टन बोर्डवरून सामान्य वितरण येतं. वर्गात फळ्यावर सूत्र लिहून सुरुवात करणाऱ्या शिक्षकांनी हा भाग जरूर पाहावा.

मग विप्रोच्या भावांवरून ऐतिहासिक व्होलॅटिलिटी काढायला शिकवलं आहे. पायऱ्या अशा: एक वर्षाचे बंद भाव घ्या, आजच्या भावाला कालच्या भावाने भागून त्याचा नैसर्गिक लॉग काढा, त्या स्तंभाचं प्रमाण विचलन काढा, ती झाली दैनंदिन व्होलॅटिलिटी. वार्षिक हवी असेल तर दिवसांच्या वर्गमुळाने गुणा. इथे थांबावं लागतं, कारण गुणायचं कशाने? या प्रकरणात ३६५ चं वर्गमूळ घेतलं आहे. पुढे निफ्टीचा वर्षाचा पल्ला काढताना २५२ चं घेतलं आहे. दोन्हीच्या मधला फरक समजून न घेता पुढे गेलात तर पुढची सगळी आकडेमोड डळमळीत होते.

३६५ चं वर्गमूळ १९.१, २५२ चं १५.९. म्हणजे त्याच शेअरची त्याच दैनंदिन आकड्यावरून काढलेली वार्षिक व्होलॅटिलिटी २० टक्क्यांनी फुगते. १२ टक्के यायला हवी तिथे १४.४ येते. निफ्टी २५,००० असताना २५,००० च्याच स्ट्राइकचा (ठरलेल्या भावाचा) ३० दिवसांचा कॉल (खरेदीचा हक्क) घेतला, तर व्होलॅटिलिटी एका टक्क्याने वाढल्यावर प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, साधारण २८ अंकांनी वाढतो. म्हणजे या एका चुकीने प्रीमियम ६९ अंकांनी चढा निघतो. ६५ च्या लॉटवर (एका सौद्यातल्या किमान संख्येवर) हे साडेचार हजार रुपयांच्या आसपास जातं.

मग बरोबर कोणतं? आपण जे परतावे मोजले ते फक्त बाजार चालू असलेल्या दिवसांचे. वर्षात असे सुमारे २५० दिवस असतात. म्हणून २५२ धरावे, आणि ऑप्शनची मुदत एकतर कामकाजाच्या दिवसांत, २१ भागिले २५२ अशी, किंवा दिनदर्शिकेच्या दिवसांत, ३० भागिले ३६५ अशी लिहावी. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी येतात. ३६५ चं वर्गमूळ वापरायचंच असेल, तर मुदतही २१ भागिले ३६५ अशी लिहावी लागेल. व्होलॅटिलिटी ३६५ वरून आणि मुदत ३० भागिले ३६५, ही जोडी मात्र चुकीची. बहुसंख्य स्प्रेडशीटमध्ये हीच सापडते.

यातून आणखी एक प्रश्न सुटतो, जो वाचकांना हमखास पडतो: आपण काढलेला आकडा एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) आकड्याशी का जुळत नाही? एनएसई रोज वायदे असलेल्या शेअरच्या व्होलॅटिलिटीची फाइल प्रसिद्ध करते. तिच्या स्तंभांच्या शीर्षकातच सूत्र लिहिलेलं असतं. कालच्या व्होलॅटिलिटीच्या वर्गाला ०.९९५ वजन, आजच्या परताव्याच्या वर्गाला ०.००५, आणि बेरजेचं वर्गमूळ. वार्षिक आकडा मात्र दैनंदिन आकड्याला ३६५ च्या वर्गमुळाने गुणून. म्हणजे तिथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत: जुन्या दिवसांचं वजन हळूहळू घटत जातं, निम्मं व्हायला सुमारे १३८ कामकाजाचे दिवस लागतात, आणि गुणक ३६५ चा आहे. पूर्वी हे वजन ०.९४ होतं. तेव्हा ते निम्मं व्हायला जेमतेम ११ दिवस लागत, म्हणून एखाद्या मोठ्या पडझडीनंतर आकडा झटकन चढायचा आणि झटकन उतरायचा. ही फाइल उतरवून घ्या आणि एका शेअरसाठी सलग २० दिवस स्वतः आकडा काढून पडताळा. मजकुरात नसलेला पण सर्वांत जास्त शिकवणारा असा हा सराव आहे.

भावांचा डेटा घेताना आणखी एक खड्डा आहे. एनएसईच्या भावकॉपीतले, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलीतले, भाव बोनस आणि स्प्लिटसाठी समायोजित केलेले नसतात. एकास एक बोनस मिळाला की भाव एका दिवसात निम्मा दिसतो आणि लॉग परतावा उणे ६९ टक्के येतो. वर्षाच्या २५० दिवसांत असा एक दिवस राहून गेला, तर खरी २४ टक्के असलेली व्होलॅटिलिटी ७३ टक्के निघते. उपाय सोपा: परताव्यांच्या स्तंभातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा आधी पाहा. २० टक्क्यांच्या पलीकडे काही असेल तर त्या तारखेची कॉर्पोरेट घोषणा शोधा. तारखांचा क्रमही तपासा. अनेक फाइलींत ताजी तारीख वर असते. तशीच ठेवून खालच्या भावाला वरच्याने भागलं तर प्रमाण विचलन तेच येतं, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण सरासरी परताव्याचं चिन्ह उलटतं.

सामान्य वितरणाच्या प्रकरणात ६८, ९५ आणि ९९.७ टक्क्यांचे पट्टे दिले आहेत आणि पुढे त्यांवरून निफ्टीचा पल्ला काढला आहे. ते शिकून घ्यावं. पण लगेच २३ मार्च २०२० चा परतावा त्यात टाकून पाहावा. त्या दिवशी निफ्टी १२.९८ टक्के पडला. दैनंदिन प्रमाण विचलन एका टक्क्याच्या आसपास धरलं तर ही घसरण त्याच्या १२ पटींहून जास्त आहे. सामान्य वितरण खरं असतं तर असा दिवस विश्वाच्या आयुष्यातही यायला नको होता. ४ जून २०२४ ची ५.९ टक्क्यांची घसरणही त्याच जातीची. मधल्या पट्ट्यासाठी हे वितरण चालतं, टोकांसाठी नाही. ऑप्शन विकणाऱ्याचं सगळं नुकसान टोकांतच असतं.

यावरूनच या मॉड्यूलमधल्या एका विधानाला स्पष्ट हरकत घ्यावीशी वाटते. सुरुवातीला अजय आणि वेणू यांच्यातला जमिनीचा व्यवहार आहे: एक एकर, ठरलेला भाव ५ लाख, आणि सहा महिन्यांच्या हक्कासाठी अजय १ लाख देतो. कॉल ऑप्शन समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. पण त्यावरून भाव वाढेल, पडेल किंवा तसाच राहील अशा तीन शक्यता मोजून त्यांतल्या दोन विकणाऱ्याच्या बाजूच्या, म्हणून सांख्यिकी त्याच्या बाजूने, असा निष्कर्ष येतो. शक्यता मोजणं आणि संभाव्यता काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय किती वेळा जिंकतो याबरोबर किती जिंकतो हेही पाहावं लागतं. दहापैकी नऊ वेळा १० रुपये मिळाले आणि एकदा १०० गेले, तर सरासरी उणे १ रुपया पडते. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात एफअँडओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये) सौदे करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. अशा बाजारात नवख्याच्या मनावर हे विधान कोरलं जाऊ नये, ही मनापासूनची तळमळ आहे.

दुसरी उणीव जास्त मूलभूत आहे. ऑप्शनची किंमत काढणारं ब्लॅक-शोल्स मॉडेल १९७३ चं. व्हर्सिटी त्याचा कॅल्क्युलेटर वापरायला शिकवते, पुट-कॉल पॅरिटी, म्हणजे कॉल आणि पुट (विक्रीचा हक्क) यांच्या किमतींतलं नातंही सांगते, पण ऑप्शनच्या किमतीत ‘भाव वाढण्याची शक्यता’ का येत नाही, हे सांगत नाही. क्वांट फायनान्सचा खरा उंबरठा हाच. तो ओलांडायला कॅल्क्युलस लागत नाही, पाठकोऱ्या कागदावरचं एक गणित पुरतं. शेअर आज १००. उद्या ११० किंवा ९०. व्याज शून्य. १०० च्या स्ट्राइकचा कॉल उद्या १० देईल किंवा काहीच नाही. एक कॉल विका आणि अर्धा शेअर विकत घ्या. भाव वाढला तर अर्धा शेअर ५५ चा, त्यातून १० द्यायचे, हातात ४५. भाव पडला तरी अर्धा शेअर ४५ चा. दोन्हीकडे ४५. म्हणजे आज या जोडीची किंमत ४५ च असायला हवी: ५० वजा कॉल बरोबर ४५, म्हणून कॉल ५ रुपयांचा. आता कोणी म्हणालं की भाव वाढण्याची शक्यता ८० टक्के आहे, म्हणून कॉल ८ चा, तर त्याला ८ ला विका, अर्धा शेअर घ्या आणि ३ रुपये निश्चिंतपणे खिशात टाका. हे गणित पूर्ण पचेपर्यंत ग्रीक्सची प्रकरणं वाचू नयेत, असं ठाम मत आहे. डेल्टा म्हणजे काय ते इथेच कळतं: तो अर्धा शेअर.

हे झालं की ब्लॅक-शोल्स स्वतः शीटमध्ये लिहा. एनएसईवरचे शेअर ऑप्शन २०११ पासून युरोपियन पद्धतीचे आहेत, निर्देशांकाचे आधीपासूनच होते, म्हणून हे सूत्र आपल्या बाजाराला थेट लागू करता येतं. पडताळणीसाठी हे आकडे घ्या: स्पॉट २५,०००, स्ट्राइक २५,०००, व्याज ६ टक्के सतत चक्रवाढीने, व्होलॅटिलिटी १२ टक्के, मुदत ३० भागिले ३६५, लाभांश शून्य. सूत्रातला डी-वन ०.१६०५, डी-टू ०.१२६१, कॉल ४०७, पुट २८४ यायला हवा. दोघांतला फरक १२३, म्हणजे स्ट्राइकवरचं महिन्याचं व्याज. तुमचा कॉल २०,००० च्या वर गेला तर मुदत दिवसांत टाकली आहे किंवा व्होलॅटिलिटी ०.१२ ऐवजी १२ लिहिली आहे. उत्तर शून्य किंवा जवळजवळ शून्य आलं तर नॉर्म-एस-डिस्ट फंक्शनचा दुसरा पर्याय तपासा. तिथे संचयी म्हणजे ‘ट्रू’ हवं, ‘फॉल्स’ नाही. आणि खऱ्या ऑप्शन चेनवर एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे बाजारातल्या किमतीवरून उलट काढलेली व्होलॅटिलिटी, वेगळी येत असेल, तर स्पॉटऐवजी त्याच एक्स्पायरीच्या फ्युचरचा भाव आधार धरून पाहा. लाभांश आणि व्याज दोन्ही त्या भावात आधीच मुरलेले असतात.

याच शीटच्या शेजारी मॉन्टे कार्लोचा, म्हणजे हजारो यादृच्छिक भाव काढून सरासरी घेण्याचा, स्तंभ करावा, तो व्हर्सिटीच्या ऑप्शन्स मॉड्यूलमध्ये नाही. यादृच्छिक आकड्याचं सामान्य वितरणात रूपांतर करा, त्याला व्होलॅटिलिटी आणि मुदतीच्या वर्गमुळाने गुणा, त्यात (व्याज वजा व्होलॅटिलिटीच्या वर्गाचा निम्मा) गुणिले मुदत मिळवा, आणि या सगळ्याचा घातांक घेऊन स्पॉटला गुणा. दर ओळीतला कॉलचा परतावा काढून सरासरी घ्या, मग व्याजाने आजच्या किमतीत आणा. १०,००० ओळींत उत्तर ४०७ च्या अलीकडे-पलीकडे ११ अंकांत यावं, २० पैकी १९ वेळा. व्होलॅटिलिटीच्या वर्गाचा निम्मा वजा करायला हमखास विसरलं जातं, आणि एक महिन्याच्या उदाहरणात त्याने जेमतेम ८ अंकांचा फरक पडतो, म्हणून चूक गोंगाटात लपून जाते. ती पकडायची युक्ती: व्होलॅटिलिटी ४० टक्के आणि मुदत एक वर्ष टाका, आणि शेवटच्या भावांची सरासरी व्याजाने आजच्या किमतीत आणा. २५,००० च्या आसपास आली तर सूत्र बरोबर. २७,००० च्या घरात आली तर ती वजाबाकी राहिली आहे.

नवव्या मॉड्यूलकडे येताना अपेक्षा वाढलेल्या असतात आणि सुरुवातीला त्या पूर्ण होतात. सिप्ला, आयडिया, वंडरला, पीव्हीआर आणि अल्केम या पाच शेअरचा पोर्टफोलिओ घेऊन कोव्हेरिअन्सचा (दोन शेअर एकत्र किती हलतात त्याचा) तक्ता, वजनांनी गुणून पोर्टफोलिओची जोखीम, मग सॉल्व्हर लावून कमीत कमी जोखमीची वजनं आणि शेवटी कार्यक्षम सीमारेषा (प्रत्येक जोखमीला जास्तीत जास्त परतावा देणाऱ्या पोर्टफोलिओंची रेषा) असा मार्कोविट्झचा १९५२ चा सगळा रस्ता एक्सेलमध्ये चालून दाखवला आहे. कॉलेजच्या पुस्तकांत हा विषय चिन्हांच्या गर्दीत हरवतो. इथे प्रत्येक खण दिसतो. आयडिया आणि पीव्हीआर विलीनीकरणानंतर वेगळ्या नावांनी आहेत, म्हणून जुना डेटा शोधण्यापेक्षा आजचे कोणतेही पाच शेअर घ्या.

शीटमध्ये अडतं ते असं. मॅट्रिक्स गुणाकाराचं फंक्शन जुन्या एक्सेलमध्ये आधी सगळे खण निवडून, कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबूनच चालतं. सॉल्व्हर आधी अॅड-इन्समधून सुरू करावा लागतो. वजनांची बेरीज १०० टक्के ही अट टाकायची राहिली तर तो सगळी वजनं शून्य करून मोकळा होतो, कारण शून्य गुंतवणुकीत जोखीमही शून्य. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी सॉल्व्हरच्या पर्यायांत जाऊन रेषीय सॉल्व्हर बदलून उत्क्रांती अल्गोरिदमचा घ्यावा, नाहीतर मॉडेल रेषीय नाही अशी तक्रार येते.

खरी अडचण मात्र गणिताची आहे, आणि या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. उदाहरणात डेटा सहा महिन्यांचा आहे. तेवढ्या डेटावरून जोखीम बऱ्यापैकी अचूक मिळते. १२५ च्या आसपास दिवस असतील आणि व्होलॅटिलिटी २५ टक्के असेल, तर तिच्या अंदाजातली चूक दीड टक्क्याच्या घरात राहते. पण परताव्याचं तसं नाही. सरासरी परताव्याच्या अंदाजातली चूक म्हणजे वार्षिक व्होलॅटिलिटी भागिले वर्षांच्या संख्येचं वर्गमूळ. २५ भागिले अर्ध्याचं वर्गमूळ, म्हणजे ३५ टक्के. शीटमध्ये ‘अपेक्षित परतावा १५ टक्के’ असं दिसतं, तेव्हा त्याचा अर्थ उणे २० ते अधिक ५० मधलं काहीही, आणि तेही तीनपैकी दोनच वेळा. ही चूक ५ टक्क्यांवर आणायची तर २५ वर्षांचा डेटा लागतो. दैनंदिन भावांऐवजी दर मिनिटाचे भाव घेऊनही ती कमी होत नाही, कारण सरासरी फक्त पहिल्या आणि शेवटच्या भावावर ठरते.

सॉल्व्हरला हे माहीत नसतं. ज्या शेअरचा सहा महिन्यांतला परतावा योगायोगाने चढा आला, त्याच्यावर तो सगळं वजन लोटतो. स्वतः पाहायचं असेल तर वर्षाचे दोन अर्धे करा आणि दोन्हींवर सॉल्व्हर चालवा. कमीत कमी जोखमीची वजनं दोन्हींत बरीच जवळ येतील. जास्तीत जास्त परताव्याची वजनं पूर्णपणे वेगळी येतील. म्हणून या मॉड्यूलमधलं कमीत कमी जोखमीचं प्रकरण जसंच्या तसं वापरावं, सीमारेषेचं प्रकरण समजून घ्यावं, पण त्या रेषेवरचा बिंदू निवडून पैसे लावू नयेत.

व्हॅल्यू ॲट रिस्कचं, म्हणजे ठरावीक खात्रीने जास्तीत जास्त किती नुकसान होईल याचं, प्रकरण नीटनेटकं आहे. फक्त १२५ दिवसांत ९५ टक्क्यांच्या रेषेपलीकडे सहाच दिवस उरतात आणि ९९ टक्क्यांच्या पलीकडे एकच, एवढं ध्यानात ठेवावं. एका सौद्यात किती भांडवल लावावं हे सांगणारा केली निकषही दिला आहे. तो जिंकण्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो, आणि ५० सौद्यांवरून काढलेलं ६० टक्के प्रमाण प्रत्यक्षात ४६ ते ७४ मध्ये कुठेही असू शकतं. सूत्राने २० टक्के भांडवल लावायला सांगितलं तरी खरं उत्तर शून्य असू शकतं.

दहाव्या मॉड्यूलमध्ये पेअर ट्रेडिंग, म्हणजे एकत्र हलणाऱ्या दोन शेअरमधला फरक वाढला की एक घेऊन दुसरा विकणं, दोन पद्धतींनी आहे. दुसरी, रिग्रेशनची पद्धत क्वांटच्या दृष्टीने कामाची: एका शेअरच्या भावावर दुसऱ्याचं रिग्रेशन, उरलेल्या फरकांवर ते स्थिर आहेत का हे पाहणारी एडीएफ चाचणी, आणि फरक अडीच प्रमाण विचलनांपलीकडे गेला की सौदा. कोणता शेअर एक्स आणि कोणता वाय हे इंटरसेप्ट आणि फरक यांच्या प्रमाण त्रुटींच्या गुणोत्तरावरून ठरवलं आहे. पायऱ्या स्पष्ट आहेत. टाटा मोटर्स आणि तिचा डीव्हीआर (वेगळ्या मताधिकाराचा शेअर) ही उदाहरणातली जोडी आता उरलेली नाही, डीव्हीआर २०२४ मध्ये रद्द झाला.

इथे दोन धोके आहेत. पहिला: एडीएफची नेहमीची कोष्टकं थेट उपलब्ध मालिकेसाठी असतात. आपण तपासतो ते फरक रिग्रेशनने आधीच शक्य तेवढे लहान केलेले असतात, म्हणून ते स्थिर असल्याचा भास सहज होतो. अशा वेळी ५ टक्के पातळीवर उणे २.८६ नव्हे तर उणे ३.३४ च्या आसपासची मर्यादा लागते. पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये ‘अॅडफुलर’ऐवजी ‘कॉइंट’ फंक्शन वापरलं की हे आपोआप सांभाळलं जातं. दुसरा धोका संख्येचा. निफ्टीतल्या ५० शेअरच्या १,२२५ जोड्या होतात. कशाचाच कशाशी संबंध नसला तरी ५ टक्क्यांच्या चाचणीत सुमारे ६१ जोड्या नुसत्या योगायोगाने पास होतील. म्हणून जोडी आधी व्यवसायावरून निवडावी, एकाच क्षेत्रातली, सारखं उत्पन्न असलेली, आणि मग चाचणी लावावी. निवड एका वर्षाच्या डेटावर आणि पडताळणी पुढच्या वर्षाच्या डेटावर करावी. दोन्ही कामं एकाच डेटावर केली की कागदावरचा नफा हमखास दिसतो.

उदाहरणांतले लॉट, एक्स्पायरीचा वार, मार्जिन हे लिहिलं गेलं त्या काळातलं आहे. निफ्टीची एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवारी असते आणि शेअरच्या वायद्यांची पूर्तता आता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. सौद्याशी संबंधित प्रत्येक नियम एनएसईच्या ताज्या परिपत्रकावरून पडताळावा.

वाचनाचा क्रम असा ठेवावा: फ्युचर्सचं किमतीचं प्रकरण, मग वर दिलेलं १०० रुपयांच्या शेअरचं गणित, मग व्होलॅटिलिटीची सगळी प्रकरणं, त्यानंतर ग्रीक्स, नंतर नववं आणि शेवटी दहावं मॉड्यूल. शीटसकट रोज एक तास दिला तर तीन ते साडेतीन महिने लागतात. इतो कॅल्क्युलस (यादृच्छिक हालचालींचं कॅल्क्युलस) आणि किमतीच्या सूत्राची सिद्धता इथे मिळणार नाही. त्यासाठी एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर आयआयटी गुवाहाटीच्या प्राध्यापकांचा गणिती वित्तशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. तो पाहायला मोफत, फक्त परीक्षा द्यायची असेल तर शुल्क. तिथे संभाव्यतेची भाषा वापरली जाते, म्हणून १०० रुपयांच्या शेअरचं गणित आणि मॉन्टे कार्लोचा स्तंभ दोन्ही स्वतः करून झाल्यावरच तिकडे वळावं.